आपा, तुझी जड गोळीपण वळली!

आपा, वळली! तुझी जड गोळीपण वळली!

शुक्रवारी दुपारी नेमबाजीच्या रेंजवरून परत येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तुला सांगायला म्हणून फोनमध्ये तुझं नाव काढलं. नाव सापडलं. बोट टेकवणार तेवढ्यात आठवलं. बावीस दिवस झाले तुला जाऊन, पण चांगली बातमी पहिली तुला सांगायची ही सवय अजून गेलेली नाही. ही तर अकरा वर्षं थांबलेली बातमी. म्हणून लिहून सांगतोय. एक वाईट गोष्टही सांगायची आहे, तीही ह्याच कागदावर येईल. पण आधी गोळी.

कुणाला खरं वाटेल का रे? बहारीनमध्ये, जिथे गाडी उभी करायला झाडाची सावली शोधत फिरावं लागतं, तिथे आपण दोघं दाट रानातल्या हरणाच्या शिकारीवर भांडत होतो. तू तुझ्या अरबाबच्या, म्हणजे मालक बू यूसुफच्या, बंदुका सांभाळणारा, रिफातल्या त्याच्या घरामागच्या खोलीत राहणारा. मी सित्र्याच्या कारखान्यात पंपांचे आवाज ऐकणारा इंजिनिअर, बू यूसुफच्या भाषेत मुहंदिस, पुण्याचा, आयुष्यात एकही गोळी न झाडलेला. हरीण मी पाहिलंय ते प्राणिसंग्रहालयात, तेही झोपलेलं.

पहिली गाठ इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत. मी फोनवर काडतुसांचा तक्ता बघत होतो. आकड्यांचं मला वेडच, मग ते पंपाचे असोत की बंदुकीचे. मागून तू डोकावलास.

"दोनशे त्रेचाळीस? रानात? मेल्या, ती सड्यावरची गोळी. मोकळ्यावरची."

मी तुला तक्ता दाखवला. केवढा वेग, किती सरळ मार्ग. तू तक्त्याकडे बघितलंही नाहीस.

"रान म्हणजे तुझो कागद न्हय. हलकी गोळी म्हणजे पाडस. वायच काटको लागलो की उडी मारता. जड गोळी म्हणजे रेडो. घुसलो की सरळ जाता."

माझ्या पानातली जिलबी गार झाली, पण आपण थांबलो नाही. पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हणालो तर तू म्हणालास, "माका तुमी-बिमी नको, भांडाक मजा येणा नाय." वयाने वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी त्या दिवसापासून अरे-तुरे करायला लागलो आणि तू मला 'इंजनेर' म्हणायला लागलास.

मग दर शुक्रवारी रिफा. तुझ्या खोलीबाहेरचं ते मोडकं बाकडं, तुझा आलं घातलेला चहा आणि काडतुसं. तीस-तीस, जुनं आणि संथ, पण ऐंशी मीटरच्या आत भरवशाचं. तू त्याच्या प्रेमात. दोनशे त्रेचाळीस, वेगवान आणि खांद्याला धक्का न देणारं, ते माझं. आणि मधलं तीनशे आठ, ज्याच्यावर आपलं निदान नाव घेण्यापुरतं तरी एकमत होतं, कारण बू यूसुफची लाडकी रायफल त्याच काडतुसाची होती. पण त्यातही वजनाचा प्रश्न होताच. एकाच काडतुसात हलकी गोळी येते आणि जडही येते. दीडशे ग्रेन की एकशे ऐंशी ग्रेन? ग्रेन म्हणजे गोळीचं वजन, हे मी माझ्या बायकोला तीनदा समजावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही दोघं लग्न करा."

तुझ्याकडे तक्ता नव्हता. तुझ्याकडे बालपण होतं. शिकारीला बंदी नव्हती तेव्हाचं, वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीमागे अनवाणी धावलेलं. तू सांगायचास तो एक रिवाज मी कधी विसरलो नाही. हाका संपला, जनावर पडलं की सगळे देवळामागच्या सपाट कातळावर बसायचे. वाटे घालण्याआधी ज्याने ज्याने बार काढला त्याने उठून सांगायचं, माझा बार कुठे गेला. लागला तर लागला. फुकट गेला तर फुकट गेला. सांगणाऱ्याला वाटा मिळायचाच, चुकला असला तरी. लपवणाऱ्याचा वाटा कुत्र्यांना.

"आणि जखमी करून सुटला तर?" मी विचारलं होतं.

"तर तेचो वाटो कोणी घालीनाय. तो रानात असता ना, जनावराच्या मागावर." तुझ्या वडिलांच्या हातून एकदा भेकर जखमी झालं, तर ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी आले, पायांची चाळण झालेली. पण माग सोडला नाही.

आता ती वाईट गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी बू यूसुफला ऑस्ट्रियातल्या जंगलात शिकारीचं आमंत्रण आलं. तुझा आनंद काय सांगू! महिनाभर तू रेंजवर रायफलची दुर्बीण बसवत होतास, एकशे ऐंशी ग्रेनच्या गोळीवर. दोन बार काढायचे, कागद बघायचा, दुर्बिणीचा स्क्रू नखाएवढा फिरवायचा, परत दोन बार. काडतुसं तिकडे विकत घ्यायची होती, म्हणून यादी करायची होती. तुला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. अर्जापासून औषधाच्या चौकशीपर्यंत तुझं सगळं इंग्रजी मीच लिहायचो. त्या शुक्रवारी तू बाकड्यावर बसून सांगत होतास आणि मी फोनवर टाइप करत होतो.

"तीनशे आठ. एकशे ऐंशी ग्रेन. दोन डबे. लिवलंस?"

"लिहिलं," मी म्हणालो.

मी एकशे पन्नास लिहिलं होतं.

चूक नव्हती ती. बोट घसरलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे, माझा तक्ता बरोबर आहे, बू यूसुफ एक झकास हरीण पाडून येईल आणि मग मी तुला बाकड्यावर बसवून हसत हसत सांगेन, बघ, हलक्या गोळीने पाडलं! एवढा पोरकट विचार, चाळिशी उलटलेल्या माणसाचा. एका गोळीवर बसवलेली दुर्बीण दुसऱ्या वजनाच्या गोळीला खोटी पडते, हे माझ्या तक्त्यात नव्हतं. तुला विचारलं असतं तर चहा ओतता ओतता सांगितलं असतंस.

बू यूसुफने ऐंशी मीटरवरून, दोन झाडांच्या फांद्यांमधल्या हातभर फटीतून बार काढला. गोळी फटीच्या कडेला फांदीला चाटून गेली. हरीण मागच्या अंगाला जखमी झालं आणि दाट रानात गेलं. तिथल्या लोकांनी कुत्री घेऊन दोन दिवस शोधलं. नाही सापडलं.

तो परत आला. रायफल कपाटात ठेवली, पुन्हा काढली नाही. रेंजच्या क्लबात कुणीतरी तुझ्याबद्दल म्हणालं, दुर्बीण वाकडी बसवली असणार, वासंत बुढ्ढा हो गया, आँख खलास. आणि त्याच आठवड्यात कपाटाची किल्ली तुझ्याकडून गेली. तू बू यूसुफच्या नातवंडांना शाळेत सोडायला लागलास. त्या शुक्रवारी मी आलो तेव्हा तू गाडी पुसत होतास.

"काय झालं, आपा?"

"काय नाय. डोळे गेले माझे. जावंदे. चाय घेतंस?"

मी चहा घेतला. तीन वर्षं घेत राहिलो.

तू मात्र वाद सोडला नाहीस, हे मला अजून नवल वाटतं. उलट जोमाने म्हणालास, "आता ह्येचो निकाल लावया." तू रस्त्याकडेच्या खजुरीच्या छाटलेल्या झावळ्या गोळा करायला लागलास. पानं सोलायचास, मधले अंगठ्याएवढे दांडे वाळवायचास. ते वाळूच्या डब्यांत ओळीने रोवायचे, मागे कागद लावायचा आणि दोन्ही गोळ्या झाडायच्या. दांडे म्हणजे रान. केवढी सुंदर कल्पना! आणि मी दर शुक्रवारी सबब काढायचो. शिफ्ट आहे, मुलाची परीक्षा आहे, फार ऊन आहे. मला भीती रानाची नव्हती, आपा. रेंजवर दोन्ही डबे शेजारी शेजारी उघडले असते तर कुणीतरी विचारलं असतं, ऑस्ट्रियाला कुठला गेला होता?

तुझं सामान बांधायला मी आणि बू यूसुफ तुझ्या खोलीत गेलो. एक बॅग, दोन पातेली, आणि दाराशी सुतळीने बांधलेली दांड्यांची भली मोठी मोळी. बू यूसुफने विचारलं, "ये क्या? लकडी? चाय बनाता था?"

मी सांगितलं. दांडे म्हणजे रान, रेडा आणि पाडस, सगळं. सांगता सांगता मीच रंगत गेलो. तो माणूस दु:खात होता, बाकड्यावर बसून ऐकत होता, आणि मग एकदम खो खो हसायला लागला. डोळे पुसत हसला. म्हणाला, "यल्ला, चलो. जुम्मे को करेंगे. वासंत के लिए."

आणि शुक्रवारी केलं!

सकाळी सातला रेंजवर पोचलो. हवा गार, वारा पडलेला. मी डब्यांत वाळू भरून दांडे रोवले, तीन ओळी, एकीच्या फटीसमोर दुसरीचा दांडा, जसं तू जमिनीवर काडीने काढून दाखवलं होतंस. दहा पावलं मागे कागद. बू यूसुफने कपाटातून रायफल काढली. तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. वरचं कापडही तुझ्या हाताने गुंडाळलेलं होतं, तुझ्या त्या विचित्र गाठीसकट.

तो थेट दांड्यांवर नेम धरणार तेवढ्यात माझ्यातला इंजिनिअर बोलून गेला, "पहले सिर्फ कागज पे मारो. सीधा कहाँ जाता है, वो तो देखें." बोललो खरा, उत्तर मला माहीत असून. पण तुझ्या प्रयोगात लबाडी करायची नाही, एवढं ठरवून आलो होतो.

एकशे ऐंशी. तीन बार.

मोठ्या दुर्बिणीतून मी बघितलं आणि मला एकच भोक दिसलं. वाटलं, दोन चुकले. चालत गेलो, नंतर धावत गेलो. तिन्ही गोळ्या तिथेच होत्या, आपा! मधोमध, एकमेकींना खेटून, शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. तीन वर्षं कपाटात, विमानाचे धक्के खाऊन आलेली रायफल, आणि तू लावलेला नेम जसाच्या तसा. मी तिथे वाळूत ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. क्लबचा माणूस समजला, मला काही लागलं.

मग एकशे पन्नास. तीन बार. चार बोटं वर, दोन बोटं उजवीकडे. तिन्ही.

बू यूसुफ कागदाजवळ गेला. बोटाने अंतर मोजलं. म्हणाला, "ये उधर क्यों जाता है?"

"बाद में बोलता हूँ," मी म्हणालो. पुन्हा पळालो, बघ.

आणि मग दांडे! काय मजा आली तुला सांगू. हलकी गोळी पहिल्याच दांड्याला लागली, टक्क आवाज, दांड्याचं टोक हवेत उडालं, आणि कागदावर भोक वीतभर बाजूला. बू यूसुफ म्हणाला, "पाडस!" तुझा शब्द, त्याच्या तोंडून! मग रेड्याची पाळी. टक्क. बघतो तर भोक जवळजवळ तितकंच बाजूला. दुसरी, तीच गत. तिसरी तर कागदात आडवी शिरली होती, भोक गोल नाही, लांबट, गोळीच्या कुशीचा अख्खा ठसा. तुझा रेडा कोलांटी खात गेला, आपा! मी उडी मारली, मग लगेच तुझी बाजू घेऊन स्वत:शीच भांडायला लागलो, की दांडे वाळलेले आहेत, ओल्या फांदीवर वेगळं होईल. तू हेच म्हणाला असतास. म्हणून आणखी झाडल्या. सगळ्या वळल्या. जी फटीतून गेली, तेवढीच सरळ गेली. मग ती हलकी असो की जड.

म्हणजे अकरा वर्षं आपण दोघंही चूक. तू वजनावर भांडलास, मी वेगावर, आणि रान दोघांनाही जुमानत नाही. रानात गोळीला फट लागते आणि फटीत नेमकी जाईल अशी दुर्बीण लागते. ती बू यूसुफकडे होती. तू बसवून दिली होतीस. ऑस्ट्रियातल्या त्या हातभर फटीतून तुझी गोळी गेली असती.

उन्हं चढली तसे आम्ही शेडमध्ये बसलो. बू यूसुफने थर्मासमधून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायला घेतला, तेव्हा मी उभा राहिलो. बसून सांगता येईना.

"वो लिस्ट मैंने लिखा था. आपा ने एक सौ अस्सी बोला था. मैंने एक सौ पचास लिखा. जान के लिखा."

त्याने थर्मास खाली ठेवला.

"वासंत ने खाली डब्बा देखा था," तो म्हणाला. "मैं वापस आया, उसी दिन. नंबर तो उसको पढ़ना आता था. मेरे को बोला, अरबाब, मेरे मुँह से गलत निकला. मुहंदिस ने जो सुना, वही लिखा. मैंने उसको बोला, किल्ली दे दे. उसने दे दी."

आपा, तुला माहीत होतं.

तीन वर्षं तू मला चहा देत होतास आणि तुला माहीत होतं. आता मला त्या मोळीचाही अर्थ लागतो. तुझ्या मनात काय होतं हे आता कोण सांगणार, पण मला वाटतं, तू मला कातळावर बोलावत होतास. दर शुक्रवारी. उठ, इंजनेरा, सांग तुझा बार कुठे गेला. आणि मी म्हणायचो, आज फार ऊन आहे.

राग आला होता का रे? एखादी शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्याकडे शिव्यांची काय कमी होती? माझ्यामागे माग काढत तू तीन वर्षं चाललास, आणि जखमी तर तूच होतास.

बू यूसुफ मला एक शब्द वाकडा बोलला नाही. तो उठला, पहिला कागद काढून आणला, तीन खेटलेल्या भोकांचा, आणि क्लबच्या त्या माणसाला हाक मारली, ज्याच्या तोंडून मी 'आँख खलास' ऐकलं होतं. कागद त्याच्या नाकासमोर धरला. "देख. ये वासंत का आँख. तीन साल पुराना. तू मार के दिखा ऐसा." मग बू यूसुफ मला म्हणाला, "बैठ," आणि गहव्याची वाटी आणि एक खजूर माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी गावी तुझ्या घरी काकींना फोन केला. त्यांनाही तू डोळ्यांचंच सांगितलं होतंस. मी सगळं सांगितलं, यादीपासून कागदापर्यंत.

मग म्हणाल्या, "गेल्या मे महिन्यात माका सुयेत दोरो ह्येंनीच ओवून दिल्यानी. चष्मो नसताना. डोळे गेले ह्या खोटा, माका तेवाच कळला होता. कोणासाठी बोलतत, ता कळाक नाय."

"माझ्यासाठी, काकी."

"बरा झाला सांगितलंस," त्या म्हणाल्या. आणि मग, "जेवलंस काय?"

आपल्या मंडळातले एक जण रविवारी कणकवलीला चाललेत. त्यांच्याबरोबर कागद पाठवतोय, पुठ्ठ्याच्या नळीत, घडी न घालता. काकी म्हणाल्यात, भिंतीवर तुझ्या फोटोशेजारी लावतील. येणारेजाणारे विचारतील, हे भोक कसलं? आणि त्या सांगतील. दांड्यांची मोळी बू यूसुफने मागून घेतली, उरलेली. किल्ली त्याने अजून कुणाला दिलेली नाही.

तुझ्याकडून शिकलो तेवढ्या मालवणीत, उभा राहून, मोठ्याने बोलून बघितलं आज. घरात कुणी नव्हतं. माझो बार फुकट गेलो, आपा. फुकटही नाही, तुला लागला.

पण जड गोळी वळते. हे तू हरलास. आता मी चहा ठेवतो, आणि तू ओल्या फांदीचं काय ते बोल.